खांद शेकलेली सायकल

सायकल हे एक जनावर आहे, असं मनापासून मानणारा माणूस साऱ्या पृथ्वीवर एकच झाला असेल, आणि तो नेमका आमच्या ताईच्या पदरी पडला. भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, सौसरला गुरांच्या दवाखान्यात नोकरीला होते. दिवसभर बैलांच्या खुरांत आणि गाईंच्या दाढेत हात घालून घालून त्यांच्या डोळ्यांना बहुधा सगळंच चार पायांचं दिसायला लागलं असावं. त्यांच्या काळ्या सायकलचं नाव ‘काळ्या’ होतं, आणि ते तिला कधी ‘ती’ म्हणत नसत. ती गोठ्यात गाईशेजारी उभी राही. दुपारच्या उन्हात तिला उभी करणाऱ्याची ते सात पिढ्यांपर्यंत खबर घेत. जेवण झाल्याझाल्या सायकलवर बसायचं नाही, कारण ‘त्यालेबी घडीभर दम खाऊ द्या ना.’ चाकातली हवा गेली तर ती पंक्चर होत नसे, ‘लंगडत’ असे. दवाखान्यातल्या एका बाबूंनी एकदा घाईच्या कामासाठी सायकल मागितली, तेव्हा भाऊजींनी ती दिली खरी, पण फाटकापर्यंत सोबत जाऊन बजावलं, “चढावर त्याले शिव्या देऊ नका. खाली उतरा, दोन गोष्टी बोला, आपोआप चढते.” बाबू म्हणे तशीच हातात धरून घेऊन गेले आणि हातात धरूनच घेऊन आले. उलट बाजूनंही हा घोळ चाले. रामाकोन्याचा एक शेतकरी लंगडणारा बैल घेऊन आला, तर भाऊजींनी त्याचा मागचा पाय हलवून बघितला आणि गंभीरपणे म्हणाले, “मांगच्या चाकाचे छर्रे जाम झाले याचे.” शेतकऱ्यानं हात जोडले आणि बैल घेऊन निघूनच जात होता, त्याला कंपाउंडरनं परत बोलावलं.

ताईचा उजवा पाय लहानपणीच्या तापात अधू झालेला. आमच्या पांढुर्ण्याच्या घरी तिला पाहायला येणाऱ्यांची नजर चहाच्या कपावरून हळूच त्या पायाकडे जायची, आणि मग चहा गार व्हायचा. भाऊजी आले तेव्हा आम्ही सगळ्या प्रश्नांची उत्तरं तयार ठेवली होती. स्वयंपाक, शिवण, शिक्षण, सगळं. या गृहस्थानं पोहे संपवले, ताईकडे सरळ पाहिलं आणि एकच विचारलं, “सायकलवर मांगं बसता येते का?” आमचे बाबा चक्रावले. ताई मात्र म्हणाली, “बसली नाही कधी. पण पडणार नाही.” तेवढ्यावर लग्न ठरलं. ताई बोरगावच्या पुढच्या एका खेड्यात मास्तरीण होती. शाळेच्या वेळेला तिकडे जाणारी बस नव्हती आणि तेवढं चालणं तिच्या पायाला झेपणारं नव्हतं. मग भाऊजींनी काळ्याच्या कॅरिअरला गोधडी शिवून बसवली, अधू पाय टेकवायला सागाची फळी लावली, पाठीला आधार म्हणून खाटेची जुनी नवार बांधली. रोज सकाळी ताईला शाळेत सोडायचं, मग आपल्या ढोरांकडे जायचं आणि संध्याकाळी परत आणायचं. सुरुवातीला सौसरची माणसं दारात उभी राहून हसली. पुढे त्यांना घड्याळाची गरज राहिली नाही. डॉक्टरबाबू मास्तरीणबाईंना घेऊन गेले, की दुकानं उघडायची.

काळ्या मोडला तो ऐंशीच्या दशकातल्या एका श्रावणात. बोरगावच्या अलीकडे एक नाला लागतो. त्याच्या उतारावर हँडलपाशी कट्ट आवाज झाला, फ्रेमचा जोड तुटला आणि नवरा-बायको दोघंही कपाशीच्या वावरात जाऊन पडले. ताईचा डबा उपडा झाला, पोळ्या चिखलात गेल्या, आणि हा माणूस उठला तो थेट सायकलजवळ गेला! ताईनं ही गोष्ट आम्हाला पुढे इतक्यांदा सांगितली, की आम्ही सगळे त्या वावरात हजर होतो असंच आता वाटतं. भाऊजींचं उत्तरही ठरलेलं होतं. “तू वरडून रायली होती. वरडते ते जनावर जिवंत रायते. चूप पडलं, त्याले पहिले पाहा लागते.” मग त्यांनी तुटलेल्या जोडाचं काय करावं? बांबूच्या खपच्या लावून, वर पट्टी गुंडाळून, बैलाचा मोडका पाय बांधतात तसा तो बांधला आणि सायकल धरून सौसरपर्यंत चालत आणली. रस्त्यावर भेटणाऱ्या प्रत्येकाला “हाड मोडलं” असं सांगितलं. वेल्डिंग केलं, ते आठवड्यात उकललं. पुन्हा केलं, तर जोडाच्या शेजारचा पाइपच फाटला.

इथपर्यंत सगळं हसण्यासारखं होतं. पण ताईचे हाल सुरू झाले. ती काठी टेकत मोठ्या रस्त्यापर्यंत जायची, एखादी बैलगाडी किंवा ट्रॅक्टर मिळाला तर बसायची, नाहीतर उभीच राहायची. शाळेत पोचेपर्यंत पहिले दोन तास होऊन गेलेले. हेडमास्तर तोंडानं काही बोलत नसत, नुसते घड्याळाकडे पाहत, आणि ताईसारख्या मानी बाईला ते बोलण्यापेक्षा जास्त लागे. एका रविवारी मी गेलो होतो. जेवताना ताई खाली मान घालून म्हणाली, “पोळ्याच्या सुट्टीनंतर मी राजीनामा देऊन टाकतो. काहून तुमाले परेशान करू? आधीच तुमच्या मांगं ओझं हावो मी.” भाऊजींनी हातातला घास ताटात ठेवला. दर वाक्याला कोटी करणारा माणूस, पण त्या दिवशी ताकसुद्धा न पिता उठला. ताईला शाळा म्हणजे काय होती, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. ज्या पायामुळे घराघरातून नकार आले, त्या पायानं ती रोज वर्गात फळ्यासमोर ताठ उभी राहत असे.

मी भाऊजींना मोपेड घ्यायचं सुचवून पाहिलं. ते म्हणाले, “साळेबुवा, पिणारा प्राणी आपल्या घरात नको.” सौसरचा दुकानदार नवी सायकल घ्या म्हणाला, तर त्याला विचारलं, “बैलाचं एक हाड मोडलं म्हनून माणूस आखा गोठा बदलवते का?” चाकं धड होती, चेन धड होती, ताईच्या मापाचं कॅरिअर तर दुसरीकडे कुठे मिळणारच नव्हतं. हवी होती फक्त फ्रेम, आणि सुटी फ्रेम नागपूरशिवाय मिळत नव्हती. मग पोळ्याच्या दोन दिवस आधी आम्ही दोघं नॅरोगेजच्या छोट्या रेल्वेनं नागपूरला गेलो. तिथल्या दुकानात भाऊजींनी जे केलं, ते मी आयुष्यात विसरणार नाही. त्यांनी फ्रेमींना प्रदक्षिणा घातल्या. बोटाच्या पेरानं ठोकून कान लावला. हँडलच्या भोकात बोट घालून, बैलाचे दात पाहावेत तसं आतून चाचपलं. एक फ्रेम ‘अडेल निघन’ म्हणून नाकारली, दुसरी ‘कमरेत कच्ची’ म्हणून. शेवटी दुकानदार रडकुंडीला आला. “साहेब, फ्रेम हाय ते, बैल नाई!” भाऊजी म्हणाले, “तुमी विकून रायले म्हनून तुमाले फ्रेम दिसते.” अखेर दूधवाले वापरतात तसली, वरती दोन दांड्यांची, दणकट फ्रेम त्यांनी पसंत केली. डोंगर-नाल्याला हीच टिकेल म्हणाले. ती होती मात्र जात्याच्या तळीसारखी जड.

परतताना तिकीट तपासणारा आडवा आला. एवढं अवजड सामान बसायच्या डब्यात चालणार नाही, मालाच्या ब्रेकव्हॅनमध्ये ठेवा म्हणाला. भाऊजींना ते कसं पटावं! नवं जनावर पहिल्याच दिवशी परक्याच्या हवाली? त्यांनी फ्रेमच्या त्रिकोणी कैचीतून हात आणि खांदा आरपार घातला आणि शांतपणे म्हणाले, “हे सामान नाई बापा, हे तर आंगावरचं हाय.” तपासनीस कपाळावर हात मारून पुढच्या डब्यात निघून गेला. पण तो परत येईल या धास्तीनं भाऊजींनी सौसरपर्यंत ती फ्रेम अंगावरून उतरवलीच नाही. छोटी रेल्वे ती, आपल्याच नादात रमतगमत चालायची. दर हिसक्याला दोन दांडे खांद्यात रुतत होते. स्टेशनवर उतरल्यावर मी “द्या माझ्याकडे” म्हटलं, तर म्हणाले, “एका खांद्याची सवय झाली त्याले, बदलवू नका.”

दुसऱ्या दिवशी सकाळपासून ओसरीत सतरंजीवर काळ्याचे अवयव मांडले गेले. मिस्त्रीला बोलवायला भाऊजींनी साफ नकार दिला. पुढच्या चाकाचा जुना चिमटा नव्या फ्रेमीत बसवताना ग्रीसमधले छर्रे घरंगळत चुलीपर्यंत गेले आणि ताई ते पदरात वेचत राहिली. दोन दांड्यांच्या उंच फ्रेमीमुळे कॅरिअर वर जाऊ लागलं, ताईचा पाय चढेना, तर भाऊजींनी त्याच्या पट्ट्या कापून, वाकवून, तिला पुन्हापुन्हा बसवून माप घेतलं. दिवस कलता कलता काळ्या उभा राहिला. वाटीत एक नट उरला होता. “हा कुठला?” मी विचारलं. “जास्तीचा हाय,” भाऊजी म्हणाले. मी म्हटलं, निदान एक चक्कर मारून बघा. तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी पाप बोललो. त्या दिवशी खांद शेकणी होती ना! पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाच्या खांद्याला हळद-तूप लावून तो शेकतात, त्याला उद्याच्या जेवणाचं आवतण देतात, आणि मग त्याच्या मानेवर जू ठेवत नाहीत. भाऊजींनी पळसाच्या पानानं काळ्याच्या दोन्ही दांड्यांना हळद-तूप चोळलं होतं. “खांद शेकलेल्या बैलाले कोनी जुपते का, साळेबुवा?” म्हणजे आता पोळा आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीचा पाडवा उलटेपर्यंत सायकल चालवायची नाही, आणि पहिली चक्कर थेट ताईला मागे बसवून, शाळेच्या वाटेवर!

मी वाद घालणार होतो, पण तेवढ्यात ताईला त्यांच्या बनियनवर रक्ताचा डाग दिसला. तिनं बनियन बाजूला केलं. खांद्याची साल निघाली होती, दोन दांड्यांचे दोन लाल पट्टे उठले होते.  भाऊजींच्या हातातली हळद-तुपाची वाटी तिनं घेतली, पळसाचं पान त्यात बुडवलं आणि अगदी हलक्या हातानं तो खांदा शेकू लागली. मग हसत म्हणाली, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.” भाऊजींनी बैलासारखी मान खाली घातली.  राजीनाम्याचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही.

पोळ्याच्या दिवशी भाऊजी झूल घातलेला काळ्या घेऊन तोरणाखाली बैलांच्या रांगेत जाऊन उभे राहिले. पोरं खिदळली, काही जाणती माणसं रागावली. पण एक म्हातारा शेतकरी म्हणाला, “राहू द्या ना बापा. मास्तरीणबाईले रोज नेते-आनते. यापेक्षा जास्त खेपा कोन्या बैलानं केल्या?” मग झालं. पाडव्याला आमच्या पांढुर्ण्यात गोटमार, म्हणजे दगडफेकीची जत्रा, असते, म्हणून मीही सौसरलाच मुक्काम केला आणि शाळेच्या सकाळी भाड्याची सायकल घेऊन त्यांच्या मागे निघालो. माझा सारा जीव त्या उरलेल्या नटात अडकला होता. नाल्याचा उतार आला, काळ्या कुरकुरला, भाऊजी उतरून त्याच्याशी दोन गोष्टी बोलले, ताई मागे नवार धरून ताठ बसून राहिली. काहीतरी खणकन पडलं.  पाहतो तो घंटी नाल्यात पडली होती, तो नट तिचा होता. भाऊजींनी ती कधी परत लावली नाही. पुढे अनेक वर्षं ते तोंडानंच “हो हो हो” करत त्या रस्त्यानं गेले. त्या दिवशी ताई शाळेत पोचली, तेव्हा पहिली घंटा व्हायची होती.

आता ताई निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली. भाऊजी थकलेत, गोष्टी विसरतात, कधीकधी मलाही ओळखत नाहीत. मागच्या पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मी गेलो, तर ताईचे हात कापत होते, म्हणून वाटी माझ्याकडे आली. मी काळ्याचे दोन्ही दांडे शेकले, आणि मग त्या घराच्या रिवाजाप्रमाणे भाऊजींचा खांदा. त्यांनी मान खाली घातली. मी म्हटलं, “भाऊजी, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.”

ते काळजीत पडले. “उद्या कसं जमन? उद्या हिले शाळेत सोडा लागते.”

ताई त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, “उद्या पोळ्याची सुट्टी हाय. परवा निघू आपन.”

“मंग ठीक,” भाऊजी म्हणाले. त्यांनी वाकून काळ्याचं मागचं चाक अंगठ्यानं दाबून पाहिलं. “लंगडून रायला हा. साळेबुवा, हवा भरा लागते.”

मी पंप शोधायला गोठ्यात गेलो.