डाव्या कोपऱ्यातला मोठा दीर

दहा वर्षं मी कबड्डीत डाव्या कोपऱ्यात खेळलो आणि गेली पाच वर्षं टीव्हीवर मोठा दीर होऊन एका सुनेला छळतोय. यातलं तुला खरं काय येतं असं कुणी विचारलं, तर मी अजून छाती पुढं काढून सांगेन, पकड. पण विचारतंय कोण! पिंपळे सौदागरच्या माझ्या सोसायटीत मला सगळे ओळखतात आणि मालिकेतल्या नावानं हाक मारतात. लिफ्टमध्ये बायका आधी एक पाऊल मागं सरकतात, मग हसतात, मग मोबाईल काढतात. "किती छळता हो तिला!" मीही हसतो. हसून होईपर्यंत अकरावा मजला येतो. कुलूप काढून आत गेलं की बोलायला कुणी नाही. लग्नाचं वय होतं तेव्हा स्पर्धा होत्या, नंतर शूटिंग सुरू झालं, राहून गेलं. महिन्यातले वीस दिवस मुंबईत जातात. उरलेल्या दिवसांत मी इथं कुकरला खिचडी लावतो आणि तीन शिट्ट्या होईपर्यंत ओट्यापाशी उभा राहतो.

आधी असं नव्हतं. मी मूळचा निघोज्याचा. चाकणच्या एका कंपनीनं मला खेळाडू म्हणून नोकरीत घेतलं होतं. कागदावर ऑपरेटर, पण फर्स्ट शिफ्टचे निम्मे तास भरले की सुपरवायझर तोंड वाकडं करून म्हणायचा, "जावा आता, माती खावा." आणि आम्ही कंपनीमागच्या मैदानावर जाऊन खरंच माती खायचो. माझ्या शेजारी खेळायचा तो पलीकडच्या गावचा, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. बुटका, रुंद, मान शोधावी लागेल असा गडी. चढाईवाला अंगावर आला की बचाव करणारे एकमेकांचे हात धरून साखळी करतात. त्यात बोटांत बोटं गुंतवायची नसतात, मोडतात. चार बोटं वाकवून दुसऱ्याच्या चार बोटांत अडकवायची. मी चढाईवाल्याच्या घोट्यावर पडायचं आणि त्याच क्षणी यानं वरून अंग टाकायचं, असं आमचं ठरलेलं. घोटा माझा, अंग त्याचं. एकट्यानं घोटा धरून काही होत नाही, चांगला गडी असेल तर तुम्हालाच ओढत मधल्या रेषेपर्यंत घेऊन जातो. दहा वर्षांत हा बुटका एकदाही उशिरा पडला नाही. आईशप्पथ, सख्ख्या भावाचा हात मी एवढा धरला नसेल.

सिनेमात गेलो तेही त्याच्यामुळंच. तळवड्यात एका बंद शेडमध्ये शूटिंग होतं. मारामारीसाठी धिप्पाड माणसं हवी होती, म्हणून आमच्या टीमला बोलावणं आलं. मी नको म्हणत होतो. तो म्हणाला, "चल की राव, जेवान बी हाय." गेलो. फाइट मास्टरनं समजावलं, हिरो पळत येईल आणि तुमच्यामधून निघून जाईल, तुम्ही नुसते हात हलवा. हिरो पळत आला आणि त्याचा पाय नेमका माझ्या हाताशी पडला. आता काय सांगू! असा पाय दिसला की माझं डोकं बंद पडतं. मी घोटा धरला. मी घोटा धरला म्हटल्यावर हा कशाला गप उभा राहतोय, यानं वरून अंग टाकलं. हिरो खाली, आम्ही दोघं वर. मला वाटलं, आता मार खाऊन घरी जायचं. पण दिग्दर्शक पोट धरून हसला. मग जवळ येऊन त्यानं माझी हनुवटी वर केली, चेहरा इकडून तिकडून बघितला आणि दुसऱ्या दिवशी मला बोलावलं. मला एकट्याला.

दोन सिनेमे झाले, मग मालिका आली. बिनपगारी रजा किती टाकणार, शेवटी राजीनामा टाकला. तेव्हा त्यानं एवढंच विचारलं, "मंग कोपऱ्यात कोन?" मी म्हणालो, "मिळेल की कुणीतरी." काय पण उत्तर! आज आठवलं तरी स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते. पहिली दोन वर्षं आमचे फोन व्हायचे. नंतर दिवाळीला मेसेज. त्यातही तो नुसता दिव्याचा फोटो पाठवायचा आणि मी हात जोडलेले.

यंदा उरुसाच्या आधी गावच्या मंडळाचा फोन आला. रविवारी सकाळी सत्कार आणि मग सामना, जुने खेळाडू विरुद्ध कंपनीची आत्ताची टीम. मी आधी विचारलं, माझ्या शेजारी खेळायचा तो येणार का? "तू येनार असशील तर उतरतो म्हनलाय." मी लगेच हो म्हणालो. सत्कार गेला खड्ड्यात. मला त्याचा हात धरायचा होता. टीव्हीवर मला रोज कुणीतरी खोटं मारतं आणि मी रोज खोटा पडतो. एकदा, फक्त एकदा, मी खरा घोटा धरावा आणि वरून त्याचं वजन पडावं, एवढीच माझी इच्छा होती. ते झालं की आमचं दोघांचं पहिल्यासारखं होईल असं मी मनात धरून बसलो होतो. तीन आठवडे तयारी केली. हॉलमधला सोफा भिंतीला लावला, गादी खाली टाकली आणि गादीवर झेपा टाकल्या. खालच्या मजल्यावरचे काका वर आले. मी म्हणालो, भूमिकेची तयारी चाललीय. लगेच गेले बिचारे.

रविवारी मैदानावर माणूस मावत नव्हता. हार, फेटा, मोबाईल. एका म्हातारीनं गर्दीतून वाट काढून माझ्या दंडावर चापट हाणली, "मुडद्या, किती छळशील त्या पोरीला!" सगळे हसले. तो कडेला उभा होता. पोट सुटलेलं, कानाजवळ केस पिकलेले. मी म्हणालो, "काय बुटक्या!" तो हसला. "बरा हायस न्हवं?" मग आम्ही जागेवर गेलो आणि त्यानं चार बोटं पुढं केली. मी माझी अडकवली.

पहिला चढाईवाला आला. इकडं गेला, तिकडं गेला, मग माझ्यासमोर येऊन त्यानं पाय पुढं ठेवला आणि थांबला. मी झेप घेतली. धरलेला पाय ओढला जातो तेव्हा मनगटापासून खांद्यापर्यंत कळतं. हा पाय ओढतच नव्हता. नमस्काराला दिल्यासारखा माझ्या हातात होता. भोंग्यावर ओरडा झाला, "अरे काय पकड, काय पकड!" दुसऱ्यानंही तेच केलं. तिसऱ्यानं तर पाय देऊन वर डोळा मारला. मी दात खाऊन म्हणालो, "ओढ ना रे!" तो "हो सर" म्हणाला आणि तान्ह्या बाळाच्या हातून खुळखुळा काढावा तसा त्यानं पाय ओढला. माझं डोकं असं सटकलं! शेजारी बघितलं. बुटका खाली पांढऱ्या फक्कीच्या रेषेकडं बघत होता.

मध्यंतरानंतर एक नवा पोरगा उतरला. परभणीकडचा, महिन्यापूर्वी कंपनीत लागलेला, ड्युटीवरून उशिरा आल्यामुळं आधीच्या बोलण्याला नव्हता. तो आला तोच सरळ माझ्या कोपऱ्यावर. लाथ मारायला पाय काढला आणि मी खाली गेलो. घोटा हातात आला आणि पोरानं असा हिसका दिला, की माझा खांदा कडकन वाजला. अहाहा! काय सांगू ते सुख! पाच वर्षांनी कुणीतरी मला खरं ओढत होतं. मी दोन्ही हातांनी आवळून धरला आणि वजनाची वाट बघितली. आत्ता पडेल, आत्ता पडेल. वजन पडलं नाही. पोरगा मला ओढत निघाला, माझा गाल मातीत, तोंडात माती, आणि मधली रेषा आली. त्याचा गुण. वर बघितलं तर आमचा बुटका जागेवरच उभा होता.

भोंगा म्हणाला, "सरांना लागलं का? सरांना लागलं का?" मंडळाचे दोघं त्या पोरावर धावून गेले. तो बावरून विचारत होता, "म्या काय केलं?" मी त्यांना मागं ओढलं, पोराच्या पाठीवर थाप मारली, पण त्या गोंधळात ती त्याच्यापर्यंत पोचली की नाही कुणास ठाऊक. खेळ तिथंच थांबवला. मी थेट बुटक्याकडं गेलो.

"का पडला नाहीस?"

"तूच बोल्लास न्हवं."

"मी? काय बोललो?"

"मंडळाच्या पोराला, फोनवर. थोबाडाला लावू नका रं, सोमवारी शूटिंग हाय. त्यानं समद्यांना बजावलं. मला बी."

बोललो होतो. फोन ठेवताना, हसत, जरा भाव खात. माझ्या लक्षातही राहिलं नव्हतं. मी म्हणालो, "अरे, गमतीत बोललो मी!"

"आमाला कसं कळावं?" तो म्हणाला. राग नव्हता त्याच्या आवाजात, तेच वाईट. राग असता तर मी भांडलो असतो, शिव्या दिल्या असत्या, चहा पाजला असता. "आन् तुझं पोट त्या थोबाडावर हाय आता. आमी ते कशाला बिगडवायचं?" मग त्यानं घड्याळ बघितलं. रविवारचा ओव्हरटाइम होता. मी गाडीनं सोडतो म्हणालो. तो म्हणाला, "नगं, बस हाय." बस आली, त्यानं हात वर केला आणि चढला. खिडक्यांमधून माझे फोटो काढले गेले. त्याची जागा पलीकडच्या बाजूला असावी, तो दिसला नाही.

सोमवारी पहाटे गाडी चालवताना मी सारखा आरशात बघत होतो. डाव्या गालावर दोन बोटं रुंद खरचटलं होतं आणि, हसू नका, मला ते आवडलं होतं. सेटवर मेकअपदादा बघून हादरले. "सर, हे काय? मागच्या सीनशी कसं जुळवायचं?" म्हटलं, एक मिनिट थांबा. त्यांनी ते झाकायच्या आत मी फोटो काढला आणि बुटक्याला पाठवला. खाली काही लिहिलं नाही. बघ, अजून खेळतो मी, एवढंच मला म्हणायचं होतं. ते त्याला कळणार नाही असं मनातसुद्धा आलं नाही.

दहा मिनिटांत उत्तर आलं. "चुकलं आमचं. त्या पोराला सांगतो. परत आसं व्हनार न्हाई."

मी फोन लावला. उचलला नाही. परत लावला. बाहेरून हाक आली, शॉट रेडी. "अरे तसं नाही" एवढं घाईघाईत पाठवलं आणि गेलो. सून रडली, मी ओरडलो, चार टेक झाले.

जेवणाच्या सुट्टीत मोबाईल बघितला. माझ्या मेसेजला उत्तर नव्हतं, एक फोटो होता. कंपनीच्या गेटजवळ तो परभणीचा पोरगा गणवेशात, हात जोडून, मान खाली घालून उभा. खाली लिहिलं होतं, "माफी मागतोय तुमची." एवढ्या मैदानात मला खेळाडू समजून ओढणारा तो एकटाच होता.