तीनशे बारा मीटर

आमच्या नकाशा विभागात चौकशीताईंना वचकून नसलेला माणूस शोधून सापडला नसता. साहेबसुद्धा त्यांच्या टेबलाशी जरा अंग चोरूनच यायचे. फाइल हातात पडली की बाई पहिला प्रश्न एकच विचारायच्या, "मापं कुठल्या पद्धतीतली?" उत्तर आलं नाही की फाइल परत. मग तुम्ही कुणी का असेना.

ठिकठिकाणांहून, नाना फॉरमॅटमध्ये येणारे नकाशे एका सॉफ्टवेअरमध्ये एकमेकांवर नीट बसवणं हे त्यांचं काम. कुणी कागदाचा स्कॅन पाठवतो, कुणी इंजिनिअरचं ड्रॉइंग, कुणी नुसता आकड्यांचा तक्ता. अक्षांश-रेखांशांची अदलाबदल करून नदी उचलून भर समुद्रात ठेवणारे महाभागही असतात. पण सगळ्यांत छळवादी ती शेपफाइल, म्हणजे नकाशाच्या फायलींचा एक जुना प्रकार. नाव एकीचं आणि कुटुंब चौघींचं. एकीत आकार, दुसरीत त्यांची अनुक्रमणिका, तिसरीत माहितीचा तक्ता. चौथी अगदीच एवढीशी, आकडे कुठल्या पद्धतीने मोजलेत एवढंच सांगणारी. लोक हटकून तिलाच विसरतात, आणि पद्धत चुकली की तेच आकडे नकाशावर भलत्याच जागी पडतात. ताई फोन लावून म्हणायच्या, "धाकटीला घरीच ठेवून आलात होय? जा, घेऊन या आधी." आम्ही खो खो हसायचो. मी तर त्यांची नक्कलही करायचे. आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

आणखी एक खोड होती त्यांची. बस थेट ऑफिसच्या फाटकासमोर थांबते, तरी ताई रोज एक स्टॉप आधी उतरून चालत यायच्या. "वजन उतरवताय वाटतं!" असं मी चिडवलं, की "हो तर," एवढंच म्हणायच्या.

त्यांच्या निवृत्तीला महिना राहिला असताना वरून फर्मान आलं, की सगळ्या जुन्या फायली नव्या फॉरमॅटमध्ये आणा. नव्यात आकार, तक्ता, मापनपद्धत सगळं एकाच फायलीत राहतं, कुणी मागे सुटत नाही. काम पडलं माझ्या गळ्यात. ताईंच्या फोल्डरमध्ये मला अठरा वर्षांपूर्वीची एक शेपफाइल सापडली, एकटीच. आत फक्त एक ठिपका. मला तर गुदगुल्याच झाल्या.

"ताई, दिव्याखाली अंधार! तुमचीच फाइल आणि धाकटीचा पत्ता नाही?"

ताईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तो माझा भाऊ आहे," त्या म्हणाल्या.

त्यांचा पाठचा भाऊ सर्व्हे करायचा, हे मला माहीतच नव्हतं. डोंगरातल्या एका कामावर पाय घसरून तो कड्याखाली पडला. मांडीचं हाड मोडलं होतं. फोनची बॅटरी शेवटच्या घटका मोजत होती आणि रेंजही धड नव्हती. त्याने मोजणीच्या यंत्रातली आपल्या जागेची फाइल बहिणीला पाठवली. चारांतली एकच आली, मग फोन बंद पडला.

"मी उघडली. सॉफ्टवेअरने विचारलं, पद्धत कुठली? मी घाईत होते. यादीत जी आधीच निवडलेली होती, तिच्यावरच 'ठीक' दाबलं आणि शोधपथकाला जागा कळवून मोकळी झाले. त्या कामाचे नकाशे जुन्या पद्धतीतले होते गं. त्याचं यंत्र त्या पद्धतीवर मीच लावून दिलं होतं. त्याच आठवड्यात, या टेबलावर."

पथक बरोबर त्या ठिपक्यावर पोहोचलं. तिथे कुणी नव्हतं. धुकं दाटलं होतं, हाका ऐकू जात नव्हत्या. मध्ये खोल घळ होती आणि तो पलीकडे होता. ताईंना चूक उमगली, त्यांनी पुन्हा फोन केला. पण घळीला वळसा घालून जाईपर्यंत अडीच तास गेले. सापडला तेव्हा अंग अजून कोमट होतं. डॉक्टर म्हणाले, आधी पोहोचले असते तर वाचला असता की नाही, सांगता येणार नाही. हे सांगता न येणंच ताई अठरा वर्षं उराशी धरून बसल्या होत्या.

"मग नंतर तरी पद्धत का नाही जोडलीत?" मी विचारलं.

"जोडली की तो आपल्या जागी जाणार. मग आपण त्याला भलतीकडे शोधलं, हे फाइल बघून कुणाला कळणार?"

नवा फॉरमॅट मात्र असं अधांतरी काही राहू देत नाही. मी म्हटलं, हवं तर ही वगळू या. ताईंनी नकारार्थी मान हलवली आणि माउस माझ्या हातातून घेतला. यादीतून जुनी पद्धत निवडली. ठिपका घळ ओलांडून पलीकडे गेला. तक्त्यातल्या शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी सावकाश टाइप केलं: 'इथे होता. शोध आधी ३१२ मीटर अलीकडे झाला. चूक माझी.' मग फाइल सेव्ह केली आणि चेहरा पदरात घेऊन रडल्या. मीही रडले.

संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर निघाले. फाटकासमोर बस उभी होती, तरी त्या मागच्या स्टॉपकडे चालू लागल्या. या वेळी मी चिडवलं नाही. त्यांनी आपणहूनच सांगितलं.

"फाटकापासून त्या स्टॉपपर्यंत बरोबर तीनशे बारा आहेत. मी टेप लावून मोजलंय." स्टॉप आल्यावर त्यांनी घड्याळ पाहिलं. "चार मिनिटं लागतात गं. मध्ये घळ नसली तर."