नावाचे तीन तुकडे

आमच्या घरात पुस्तकं नंतर आली, आधी चळवळीची पत्रकं आली. वडील कामावरून आले की चहा घेता घेता मजकूर लिहायचे, तो छापून आला की मी आणि आई कागदांच्या घड्या घालायचो. घडीच्या कडेवरून नख फिरवलं नाही तर कागद फुगतो, हे मला बाराखडीच्या आधी कळलं. वाचायलाही मी पत्रकांवरच शिकले. वडिलांचा एक हट्ट होता, वाक्यात कर्ता हवा. 'वस्तीचं पाणी तोडण्यात आलं' असं मी एकदा ऐटीत लिहून दाखवलं, तर त्यांनी कागद माझ्याकडे परत सरकवला. म्हणाले, "कुणी तोडलं ते लिही. नळ काय आपला आपण सुटून गेला?"

पुढे मी कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला आणि शाहूपुरीतल्या एका छोट्या ऑफिसात प्रोग्रामर म्हणून लागले. तिथे रुजू होताच एक खिडकी माझ्यासमोर उघडली. राखाडी चौकट, लाल फुली आणि एक वाक्य: 'काहीतरी चूक झाली आहे.' खाली एकच बटण, 'ठीक आहे'. ते दाबलं की प्रोग्राम बंद. चूक कुणाची ते सांगायचं नाही, कुठे झाली ते सांगायचं नाही आणि वर समोरच्या माणसाकडूनच 'ठीक आहे' असं वदवून घ्यायचं. मला त्या वाक्याचा पहिल्या दिवसापासून राग आला.

ऑफिसात आम्ही तिघं. मालकांनी बऱ्याच वर्षांपूर्वी एकट्याने एक प्रोग्राम लिहिला होता आणि त्यावरच ऑफिस चालत होतं. टायपिंग आणि शिवणाचे क्लास चालवणाऱ्या संस्थांसाठी तो होता. विद्यार्थ्यांची नोंदणी, हजेरी आणि शेवटी प्रमाणपत्र छापणं. इंटरनेट लागत नाही, एका कॉम्प्युटरवर बसवला की झालं. पेठ वडगाव, मलकापूर, आजरा, सगळीकडे तो होता. माझ्याहून जुना एक सहकारी होता, त्याला मी दादा म्हणायचे. संस्थांचे फोन तो घ्यायचा.

दादाची फोनवरची पद्धत ठरलेली. "बंद करून चालू करा. झालं? न्हाय? मग राइट क्लिक मारा, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा. तरी न्हाय? अँटीव्हायरसनं फाइल खाल्ली असंल, बघा." यातलं पुष्कळसं लागू पडतं, हे मी मान्य करते. अँटीव्हायरस खरंच फायली खातो. अक्षरांच्या जागी चौकोन दिसले तर फॉन्ट नसतो. प्रश्नचिन्हं दिसली तर मराठी अक्षरं साठवायची सोयच आत कुणी केलेली नसते. पण एवढं करून भागलं नाही की दादा फोन ठेवायचा आणि म्हणायचा, "युजर एरर." म्हणजे वापरणाऱ्याची चूक. त्या दोन शब्दांत आम्ही अख्खा जिल्हा गुन्हेगार ठरवला होता. गडहिंग्लजकडच्या एका गृहस्थांचं नाव चार शब्दांचं होतं, तर त्यांच्या प्रमाणपत्रावर आडनावच छापलं गेलं नाही. आम्ही त्यांना सांगितलं, दोन शब्द जोडून लिहा. त्यांनी बिचाऱ्यांनी जोडले. माणसाने नाव बदललं, प्रोग्राम होता तसा राहिला.

"यात त्यांची चूक कशी?" मी विचारलं.

"झालं हिचं पत्रक सुरू," दादा म्हणाला. तेव्हापासून ऑफिसात मी 'पत्रकवाली'.

मग एका सकाळी पेठ वडगावच्या टायपिंग संस्थेचा फोन आला. तिथल्या बाईंचा आवाज असा की फोन दादाच्या कानाला आणि ऐकू सगळ्यांना.

"पावणं, तुमचं सॉफ्टवेअर मेलं की ओ!"

दादाने सगळे उपाय ओळीने सांगितले. बाईंनी सगळे केले. बाकीच्या मुलींची प्रमाणपत्रं धडाधड छापून निघत होती. एकीचं नाव टाकून एंटर मारलं की मात्र ती राखाडी चौकट यायची.

"एकीचंच? काय नाव तिचं?"

बाईंनी नाव सांगितलं. नाव आणि आडनाव. मी ते इथे लिहीत नाही.

"आणि मधलं?"

"मधलं न्हाय."

"न्हाय म्हंजे? वडलांचं नाव असंलच की."

"असंल. ती लावत न्हाय."

"मग तुमी लावा की बाई, काय बिघडतंय?"

"तुमीच सांगा तिला. हितंच उभी हाय."

फोनवर मुलगी आली, तसा दादाने स्पीकर चालू केला. आवाज बाईंच्या निम्म्याने, पण एकेक शब्द जागच्या जागी. "माझ्या सगळ्या कागदांवर दोनच शब्द हायत. नाव बदलल्याचं सरकारी गॅझेट केलंय मी. सूतगिरणीत क्लार्कची जागा निघालीया, उद्या कागद द्यायचा शेवटचा दिवस. ह्या एकाच कागदावर तिसरं नाव आलं तर ते म्हणणार, ही बाई येगळीच हाय. मला माझ्या नावाचं प्रमाणपत्र पायजे. मिळंपर्यंत थांबतो मी."

आमच्याकडच्या पोरी 'थांबतो'च म्हणतात. आणि म्हटलं की थांबतात.

दादाने फोनवर तळवा ठेवला आणि मला विचारलं, "का लावत नसंल गं?"

"तू तुझ्या वडिलांचं का लावतोस, हे तुला कुणी विचारलंय का?"

मी कारण विचारलं नाही, आजही मला माहीत नाही.

मी मालकांचा कोड उघडला. शोधायला फार वेळ लागला नाही. पूर्ण नाव एका ओळीत घ्यायचं, शब्दांमधल्या मोकळ्या जागेवर ते तोडायचं आणि तीन तुकडे करायचे. पहिला तुकडा नाव, दुसरा वडील किंवा नवरा, तिसरा आडनाव. मग छापताना तिसरा तुकडा पुढे आणायचा, कारण आपल्याकडे हजेरीपटावर आडनाव आधी येतं. या मुलीच्या नावाला तिसरा तुकडाच नाही. प्रोग्राम नसलेल्या कप्प्यात हात घालत होता आणि कोसळत होता. कोसळला की ते वाक्य पुढे करत होता. चौथा तुकडा आला तर तो गुपचूप फेकून देत होता. गडहिंग्लजच्या गृहस्थांचं आडनाव गेलं ते असं.

ही चूक परदेशातल्या कुणाच्या हातून झाली नसती. ती करायला मराठी शाळेच्या बाकावरच बसलेलं असावं लागतं, जिथे गुरुजी 'पूर्ण नाव सांग' म्हणतात आणि पोरगं एका दमात तीन शब्द म्हणतं.

मी मालकांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला. "मग? नावात तीन शब्द असतातच. दोन शब्दांचा माणूस दाखव मला."

"वडगावात उभी आहे, सर."

दादा हसला आणि लगेच खोकला.

"हे बघ," मालक म्हणाले, "चालत्या कोडला हात लावायचा न्हाय. ह्या एका ओळीवर सगळं उभं हाय. तिला सांग, मधी टिंब टाकायचं. नाव, टिंब, आडनाव. तीन तुकडे झाले, विषय संपला. फुडच्या व्हर्जनला बघू."

"तिच्या नावात टिंब नाही."

"कोण बघतंय टिंबाकडं?"

"सूतगिरणीवाले बघतील. आणि त्यांनी नाही बघितलं तरी ती बघेल. प्रमाणपत्र भिंतीवर लागेल, ती रोज बघेल. वडिलांचं नाव नको म्हणणाऱ्या मुलीच्या नावात आपण भोक पाडून ठेवायचं? चूक तुमच्या ओळीत आहे. ओळ बदलायची."

"मॅडम," मालक म्हणाले. रागावले की ते मला मॅडम म्हणत. "टिंब टाकायला सांगा."

"मी नाही सांगणार."

"मग घरी जाऊन पत्रकं वाटा."

मी घरी गेले नाही. खुर्चीवर बसले आणि ती ओळ काढली. नाव तोडायचंच नाही, माणूस सांगेल तसं अख्खं ठेवायचं, दोन शब्दांचं असो की पाच. आडनाव आधी हवं असेल त्याने तसं टाइप करावं. बसल्या बैठकीला ते राखाडी चौकटीतलं वाक्यही खोडलं आणि लिहिलं: 'हा प्रोग्राम हे काम करू शकला नाही. चूक आमची आहे, आम्हाला फोन करा.' मालक मागून बघत होते. "आता रोज फोन येतील," ते म्हणाले. येऊ देत, म्हटलं. माझ्या मशीनवर तिचं नाव बिनबोभाट गेलं. वडगावच्या कॉम्प्युटरला इंटरनेट नव्हतं. मी पेन ड्राइव्ह घेतला आणि वडगावला जाणाऱ्या वडापच्या, माणसं भरली की सुटणाऱ्या जीपमध्ये तिघांच्या सीटवर चौथी म्हणून बसले.

संस्था बाजारपेठेत, एका भांड्यांच्या दुकानावर. मागच्या भिंतीला जुने टाइपरायटर रेक्झिनच्या टोप्या घालून ठेवलेले, पुढे कॉम्प्युटर, त्याच्या डब्यावर दसऱ्याचं कुंकू अजून चिकटलेलं. मुलगी खिडकीपाशी होती. छातीशी प्लास्टिकची फाइल. तिच्या नजरेत आभार वगैरे काही नव्हते, आणि मला ते बरं वाटलं. तिचं काम आम्ही अडवलं होतं.

मी नवा प्रोग्राम जुन्याच्या जागी ठेवला. डेस्कटॉपवरच्या आयकॉनवर टिचकी मारली, तिचं नाव टाकलं, एंटर.

'काहीतरी चूक झाली आहे.'

"झालं!" बाई म्हणाल्या. "ह्यासाठनं आलाय व्हय कोल्लापुरास्नं?"

मुलगी म्हणाली, "तुमच्यात चालत हुतं म्हणालाय नव्हं फोनवर?"

माझ्या मशीनवर चालतंय, हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात निर्लज्ज वाक्य आहे, आणि मी जीपमध्ये बसायच्या आधी तेच म्हटलं होतं. पुन्हा नाव टाकलं, पुन्हा तीच चौकट. आणि तेव्हा लक्षात आलं की हे वाक्य इथे असूच शकत नाही. मी ते खोडून आले होते. म्हणजे समोर चालत होता तो माझा प्रोग्राम नव्हताच. आयकॉनवर राइट क्लिक करून बघितलं. तो डी ड्राइव्हवरच्या 'जुना बॅकअप' नावाच्या फोल्डरकडे बोट दाखवत होता. कधीतरी दादाने घाईत तिथे एक प्रत ठेवली होती आणि सगळे रोज त्याच दाराने आत जात होते. मी नवं घर सारवून दारात उभी, आणि पाहुणे जुन्या घरात.

आयकॉनचं बोट वळवलं. नाव टाकलं. एंटर. काही झालं नाही, म्हणजे जे व्हायला हवं ते झालं. प्रिंटरने कागद ओढला.

बाईंनी तो उचलून मुलीला दिला. ती बराच वेळ बघत राहिली. मग तिने कागद माझ्यासमोर धरला आणि नावापुढे बोट ठेवलं.

"ही जागा कुणासाठी ठेवलीया?"

नाव आणि आडनाव बरोबर होतं. पण त्यांच्या पुढे, 'यांनी' या शब्दाच्या आधी, एक नाव मावेल एवढी मोकळी जागा होती. कोडमधून तिसरा तुकडा मी काढला होता, पण छापायच्या नमुन्यात त्याची खुर्ची तशीच मांडलेली होती.

"अगं छापलंय की नीट, जा आता," बाई म्हणाल्या. "जागेला कोण इचारतंय?"

"मी इचारतो," ती म्हणाली.

तिचं बरोबर होतं. मी नमुना उघडला, तिन्ही चौकोन पुसले, एकच लांब चौकोन ओढला. पुन्हा छापलं. आता ओळ सलग होती, नाव संपलं की लगेच 'यांनी'. तिने बाकीच्या कागदांशी अक्षर न् अक्षर ताडून बघितलं, वेलांटीसुद्धा. मग प्रमाणपत्र फाइलमध्ये घातलं, पहिल्याला मधोमध घडी घालून बाईंच्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं आणि म्हणाली, "चालतंय. जातो मी."

परतीच्या जीपमध्ये मालकांचा फोन आला.

"झालं?"

"झालं."

"टिंब टाकून?"

"नाही. आता नाव तोडतच नाही आपण."

"बरं. पण हे वडगावापुरतं. बाकी कुठं घालायचं न्हाय. मी आधी बघणार."

"कधी बघणार?"

"मॅडम, प्रोग्राम माझा हाय."

"आहे की. त्यातली नावं तुमची नाहीत."

त्यांनी फोन कापला. माझ्या शेजारच्या आजी कोथिंबिरीची पेंडी मांडीवर घेऊन माझ्याकडे बघत होत्या. "नवरा हाय का?" म्हणाल्या. "मालक," मी म्हटलं. "तेच की," त्या म्हणाल्या आणि खिडकीकडे वळल्या.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला गेले नाही. तोच पेन ड्राइव्ह घेऊन स्टँडवर गेले आणि मलकापूरची एसटी पकडली. तिथल्या शिवणक्लासमध्ये हाच प्रोग्राम होता. त्यांची काही तक्रार नव्हती. तक्रार नव्हती याचा अर्थ मला आता कळत होता: तिथे कुणीतरी गुमान टिंब टाकलं असेल, कुणीतरी नकोसं नाव लावलं असेल, कुणी दोन शब्द जोडले असतील. वाटेत मालकांचे फोन येत होते. मी एकही उचलला नाही. नोकरी जाऊ शकते हे मला कळत होतं.

दुपारी एक अनोळखी नंबर आला. तो उचलला.

"घेतलं त्यांनी," वडगावची मुलगी म्हणाली. "सगळे कागद जुळले. जागा मिळंल का न्हाय ते म्हैन्यानं कळंल."

"मिळेल," मी म्हटलं.

"ते आता माझं मी बघतो," ती म्हणाली.

फोन खाली ठेवला. शिवणक्लासच्या मॅडम कॉम्प्युटरपाशी थांबल्या होत्या. "सुरुवात कुठनं करायची?" त्यांनी विचारलं. मी त्यांना म्हटलं, तुमचं नाव सांगा, आणि तुम्हाला हवं तेवढंच सांगा.