शुक्रवारचं दळण

हासूभाई गेल्याचं पोस्टकार्ड आलं तेव्हा मी शाळेत हजेरी घेत होतो. त्याच्या भावानं हिंदीत दोन ओळी खरडल्या होत्या, आणि कार्ड हातात पडेपर्यंत तेरावंही उरकलं होतं. असलं पत्र वाचून लगेच फाडायचं असतं. मी फाडलं नाही. गिरणीवाला सिंधी गेला म्हटल्यावर गावातले लोक "अरेरे" म्हणाले आणि कापसाच्या वेचणीकडे वळले. त्यालाही आता महिना होत आला.

फाळणीत सिंध सुटलं, मग कल्याणची छावणी, आणि तिथून हा माणूस आमच्या तापीकाठच्या गावात का आला, देव जाणे! बरोबर एक तेलावरचं इंजिन, दळायचे दोन दगड आणि शेडपुरते पत्रे. तोवर घरोघर बायका पहाटे जात्यावर बसायच्या. इंजिन पहिल्यांदा धडधडलं तेव्हा माझी आई "भूत शे हाई!" म्हणून मागे सरली होती; पंधरा दिवसांत तिनंच जातं उचलून गोठ्यात टाकलं. मला चहा लागायचा आणि त्याला ऐकणारा माणूस, तशी आमची गट्टी जमली. गिरणीवर बसून तो अहिराणीही शिकला होता. "मास्तर, मशीनले काय समजस, जवारी कोनी शे?" असं म्हणून मांडीवर थाप मारायचा. यंत्र आलं की माणसं आपोआप सारखी होतात, अशी त्याची भाबडी समजूत होती.

त्याच्याकडे जो आधी येईल त्याचा डबा आधी. गावाबाहेरच्या भिल्लवस्तीतल्या, भिलाटीतल्या बायकाही त्याच रांगेत. आता दगडांत आधीच्या दळणाचं मूठभर पीठ अडकून राहतं आणि ते पुढच्याच्या डब्यात उतरतं. झालं! आमच्या बागायतदार घरांत कुजबुज सुरू झाली. भिलाटीला वेगळा दिवस दे, नाहीतर आम्ही दळण नंदुरबारला नेतो. हे त्याला सांगायचं कुणी? "मास्तर, तुमनाच दोस्त शे ना तो." आणि मी गेलो. नाही म्हणता आलं असतं, पण म्हटलं नाही.

"तिकडे नाव बघून मला घराबाहेर काढलं, मास्तर," तो हात पुसत म्हणाला. "आता मी नाव बघून डबा बाजूला ठेवू?"

"गिरणी बंद पडली तर जाशील कुठं, हासूभाई?"

तिसऱ्यांदा संसार मांडायचं बळ त्याच्यात नव्हतं, आणि मला ते पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच तर मी तसं विचारलं. पुढच्या आठवड्यापासून भिलाटीचं दळण शुक्रवारी. शनिवारी सकाळी चार मुठी कोंडा घालून दगड साफ करायचे, मग गिरणी आमची. आमचा चहा चालू राहिला, पण मांडीवरची ती थाप पुन्हा पडली नाही. आजारी होऊन तो भावाकडे निघाला तेव्हा एसटीवर पोचवायला मी एकटाच होतो. "पत्र टाक," एवढंच म्हणालो. खरं काय ते बोलायला जीभ रेटली नाही. आज त्याची लाज वाटते.

गेल्या शुक्रवारी मी डबा उचलून गिरणीवर गेलो. गिरणी आता माझ्या चुलतभावानं घेतली आहे. मला बघून भिलाटीतली एक म्हातारी बाजूला झाली. मी म्हटलं, "तुझा नंबर आहे बाई, तू दळ." ती हसली. "हासूशेठबी असाच आमना मांगे उभा ऱ्हाये. सोतानं दयन शुक्रवारलेच काढे."

दहा-बारा वर्षं तो स्वतःचं दळण त्यांच्यामागून काढत होता! शेजारी बसून रोज चहा प्यायलो, पण मला कधी एका शब्दानं बोलला नाही. कशाला बोलेल?

"दादा, आज शुक्रवार शे," भाऊ हळूच म्हणाला.

"माहीत आहे. घाल."

तिच्यामागोमाग माझी ज्वारी दगडांत पडली. घरी आईनं कोमट डब्याला हात लावला आणि वार ओळखला. "हाई पीठ चुल्हाजोडे आनू नको." बायको खाली मान घालून उभी राहिली. मग मीच अंगणात तीन दगड मांडले आणि भाकरी थापली; वेडीवाकडी झाली, एका बाजूनं करपलीही. घरातलं कुणी बाहेर आलं नाही. एकट्यानंच बसून खाल्ली. हासूभाई इतकी वर्षं असाच जेवला असेल.