मदत मागणाऱ्या मुलीला ताकीद

त्या शनिवारची आठवण निघाली की आजही माझं डोकं तापतं. नोकरीत भेटलेले बरेचसे गुन्हेगार मी मनातून कधीच माफ करून टाकलेत. हे प्रकरण मात्र घशाखाली उतरत नाही.

सिंगापूरमधली गोष्ट, आठ-दहा वर्षांपूर्वीची. माझा जन्म तिथला, नोकरीही तिथल्याच पोलीस खात्यात. घरात मात्र मराठी. त्यामुळे आपल्या लोकांची प्रकरणं आपसूक माझ्या टेबलावर येत. त्या दुपारी मरीन परेडजवळच्या एका इस्पितळातून डॉक्टरबाईंचा ठाण्यात फोन आला. सोळा वर्षांचा मुलगा बेशुद्ध अवस्थेत आणला होता. तोंडाला दारूचा वास, केस ओले आणि अंगावर मोठ्या माणसाचे इस्त्रीचे कपडे!

"सोबतचा माणूस म्हणतो ऊन लागलं," त्या म्हणाल्या. "मुलाचा श्वास मंदावतोय. दारूबरोबर आणखी काहीतरी पोटात गेलंय. काय ते मला लगेच कळायला हवं."

मी इस्पितळात पोहोचलो. सोबतचा माणूस पुण्याचा, आयटी कंपनीत मॅनेजर. मुलगा त्याच्या मुलीचा वर्गमित्र, त्यांच्याच कॉन्डोत, म्हणजे गृहसंकुलात, राहणारा. मी मराठीत बोललो तसा गृहस्थ खुलला.

"साहेब, तुम्ही आपलेच. पोरं खाली फुटबॉल खेळत होती, याला चक्कर आली. आमच्या घरात दारूचा थेंब नसतो हो."

दारूबद्दल मी अजून विचारलंच नव्हतं. लपवणारा माणूस न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, हे ठाण्यात पहिल्याच वर्षी शिकायला मिळतं.

"अंघोळ कोणी घातली?"

"घामाने भिजला होता."

"पोटात काय दिलंत?"

"लिंबू सरबत. दुसरं काय देणार?"

मी दरडावलं, समजावलं, मुलगा दगावू शकतो हेही सांगितलं. गृहस्थ ताकास तूर लागू देईना. शेवटी हळूच म्हणाला, "साहेब, माझा एम्प्लॉयमेंट पास रिन्यूअलला आलाय. झाकली मूठ राहू द्या ना."

पलीकडे दुसऱ्याचं पोर श्वासासाठी झगडत होतं आणि याला पासची, नोकरीच्या परवान्याची, पडली होती! मला इतका संताप आला की मी उठून बाहेर गेलो.

मग मी कॉन्डोच्या गार्डला फोन लावला. अॅम्ब्युलन्स या माणसाने बोलावलीच नव्हती. त्याची मुलगी अनवाणी पळत खाली आली आणि तिने गार्डला फोन करायला लावलं होतं. ती इस्पितळाच्या कॉरिडॉरमध्येच आईला चिकटून बसली होती. मी समोर बसलो.

"बाळा, घरात काय झालं?"

ती आधी आईकडे, मग माझ्याकडे बघत राहिली. "अंकल, इफ आय टेल, मला पकडणार का? बॉटल मी आणली. मोठ्या कझिनचं आयडी कार्ड दाखवून. पप्पा म्हणाले, पोलीस आले तर पास जाईल, सगळ्यांना पुण्याला परत जावं लागेल."

जगात काही ठिकाणी असा कायदा आहे की, दारू प्यायलेल्या अल्पवयीन मुलांनी जीव वाचवण्यासाठी मदत मागितली तर पिण्याबद्दल त्यांच्यावर कारवाई होत नाही. आमच्याकडे तसं कलम नव्हतं. खोटं वचन द्यायचं नाही, हा माझा नियम. मी म्हणालो, "पकडणार नाही, असं मी सांगू शकत नाही. पण तुझ्या मित्राकडे वेळ नाही."

आईने तिचा दंड घट्ट धरला. तरी पोरगी बोलली, इंग्रजीला सिंगापुरी 'लाह' जोडत.

"ही वॉज व्हॉमिटिंग, लाह. मी अॅम्ब्युलन्स म्हटलं तर पप्पांनी माझा फोन घेतला. इंडियाच्या बॉक्समधल्या दोन टॅब्लेट्स क्रश करून सरबतातून दिल्या. म्हणाले, झोपला की उतरेल."

परदेशातल्या आपल्या प्रत्येक घरात तो डबा असतो. सुट्टीवरून येताना पुण्याच्या केमिस्टकडून भरून आणलेला, डॉक्टरला न विचारता उघडला जाणारा. तिने खिशातून रिकामी स्ट्रिप काढली. केराच्या बादलीतून तिनेच उचलून ठेवली होती. गुंगी आणणारं औषध होतं ते, तेही दारूवर! रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात तो हा. मी स्ट्रिप घेऊन आत धावलो. डॉक्टरबाईंनी नाव वाचलं आणि पुढचे उपचार त्याप्रमाणे केले. दुसऱ्या दिवशी मुलाने डोळे उघडले.

बापावर खोटी माहिती दिल्याचा गुन्हा नोंदवला, त्याचं मला काडीचं वाईट वाटलं नाही. पण दारू विकत घेतली म्हणून मुलीलाही लेखी ताकीद द्यायची ठरली. मी वरिष्ठांशी भांडलो. तिच्यामुळे मुलगा वाचला, तिने सांगितलं नसतं तर बाटली कोणी आणली हे आपल्याला कळलंही नसतं, हे परोपरीने सांगितलं. उत्तर एकच: कायदा सगळ्यांना सारखा. सारखा कसला? गप्प बसणाऱ्या पोराला काही होत नाही आणि बोलणाऱ्याला ताकीद!

या प्रकरणाने मला एक शिकवलं. माणसं वाईट असतात म्हणून मदत उशिरा येते असं नाही. आपण त्यांना आधी भ्यायला शिकवतो, मग मदत मागा म्हणून सांगतो.

ताकीद वाचून दाखवायचं काम माझ्याकडेच आलं. तिने सही केली, पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "अंकल, नेक्स्ट टाइम कोणाला असं झालं तर सांगायचं की नाही?"

"सांगायचं," मी म्हणालो. पण तिच्या हातात मी आत्ताच दिलेला कागद, पोलीस आले की आपलंच नुकसान, हे तिच्या बापाचंच म्हणणं खरं ठरवत होता.