कळण आणि कळणा

गुरुवारची दुपार माझी होती. आठवड्यातल्या बाकीच्या दुपारी घराच्या, कापसाच्या, म्हशीच्या. ही एवढी माझी. त्या दिवशी शाळेच्या एका खोलीत महिला मंडळ भरायचं आणि तिथे जायची मला घरातून मुभा होती. आजच्या पोरींना यात काय मोठंसं वाटणार म्हणा! पण शहाद्याजवळच्या त्या गावात लग्न होऊन आल्यापासून विहीर, शेत आणि देऊळ सोडून मी कुठे पाऊल टाकलं नव्हतं. तेव्हा नंदुरबार जिल्हाही नव्हता, आमचा सगळा कारभार धुळ्याहून चालायचा. तिकडूनच मंडळासाठी एक ग्रामसेविका आली होती.

बाई पुण्याकडची. वयाने माझ्याएवढीच, पण एकटी एसटीने यायची-जायची, याचंच आम्हाला केवढं अप्रूप! बोलायची अगदी पुस्तकी. आम्ही अहिराणीत बडबडायला लागलो की बिचारी "हळू, हळू बोला गं" म्हणायची. थंडी पडली तसं तिने सांगितलं, की हिवाळ्यात घरच्यांना काहीतरी गरम, पातळ, पौष्टिक द्यायचं, आणि जिला जे येतं ते तिने बाकीच्यांना शिकवायचं. झालं, तोंडं सुटली. एकीने बाजरीची राब सांगितली, तुपावर पीठ भाजून गूळ-सुंठ घालून प्यायची, गुजरांच्या घरी करतात तशी. एकीने शेंगोळ्यांचा रस्सा सांगितला, दुसरीने डुबुकवड्यांचा. मग एकमेकींची उणीदुणी.

"तुन्हा रस्सा म्हणजे नुसतं पाणी शे व माय!"

"आन् तुन्हा? त्यामा चमचा उभा ऱ्हास!"

हसून हसून पोट दुखलं. सासरी आल्यापासून मी तशी कधी हसले नव्हते, खोटं कशाला सांगू.

निघताना ग्रामसेविका म्हणाली, "पुढच्या गुरुवारी तालुक्याहून मोठ्या बाई येणार आहेत. प्रत्येकीने घरून कळण करून आणा हं."

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. एवढंच? आमच्या खानदेशात कळणा म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेलं पीठ. हिवाळ्यात घरोघर त्याचीच भाकरी. बाई पुण्याकडची, शेवटचा काना तिने खाल्ला असेल, असं आम्ही धरून चाललो. आणि सुखावलोसुद्धा! आमची भाकरी बघायला मोठी बाई गाडीतून येणार, म्हणजे काय थट्टा आहे?

त्या गुरुवारी शाळेच्या खोलीत कळण्याच्या भाकरींची चळत लागली. सोबत मिरचीचा ठेचा, कच्चं तेल, कांद्याची पात. मी माझी भाकरी अशी पातळ थापली होती की टम्म फुगून वरचा पापुद्रा सुटला होता. मोठ्या बाई जीपमधून उतरल्या, बरोबर आणखी दोघी होत्या. टेबलावर नजर टाकली आणि म्हणाल्या, "अगं बाई! हे काय? कळण कुठंय?"

मग उलगडा झाला. त्यांच्याकडे कळण म्हणजे कडधान्य शिजवून गाळून घेतलेलं पाणी, वरून फोडणी दिलेलं. मोठ्या बाई बरोबरच्या दोघींकडे वळून म्हणाल्या, "कळण म्हणजे काय हेसुद्धा कळत नाही यांना!" आणि तिघी हसत सुटल्या. ग्रामसेविकेचा चेहरा लालबुंद झाला. आमच्या बायकांनी पदर पुढे ओढले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अगं, भाकरी काय तुझ्या बापाच्या घरची आहे का दात काढायला? मी उभी राहिले. म्हटलं, "बाई, आम्हाला तुमचं कळण कळलं नाही, तुम्हाला आमचा कळणा कळला नाही. झाली फिटंफाट. आता खाऊन तरी बघा."

त्यांनी खाल्ली नाही. घड्याळ बघितलं आणि गेल्या.

जीपचा ड्रायव्हर चहाला थांबला असेल, त्याने काय सांगितलं कुणास ठाऊक, संध्याकाळपर्यंत चावडीवर चर्चा रंगली. बायका सरकारी लोकांपुढे भाकऱ्या घेऊन गेल्या आणि गावाचं हसं झालं! त्यात अमक्याची सून उलटून बोलली, हे तर तिखटमीठ लावून.

आमच्या घरात सून सासऱ्यांशी बोलत नसे. त्यांच्यासमोर पदर नाकापर्यंत ओढायचा, आणि एकमेकांना काही सांगायचं झालं तर दोघांनीही ते सासूबाईंना सांगायचं, मग ती दुसरी व्यक्ती हाताच्या अंतरावर का असेना. इतकी वर्षं मी त्यांचं खाणंपिणं बघत होते, पण आमच्यात एक शब्द झाला नव्हता. त्या संध्याकाळी ते ओट्यावर बसूनच गरजले, "सांग तिले, आते मंडळबिंडळ बंद. लोके हसी ऱ्हायनात आपले."

मी चुलीपाशी होते. सासूबाईंना म्हटलं, "त्यांना सांगा, हसली ती बाई. मग घरात मी का बसू?"

सासूबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली. निरोप काही बाहेर गेला नाही. नवऱ्याचं म्हणाल, तर ते बापापुढे कधी मान वर करत नसत. रात्री मला म्हणाले, "जाऊ दे ना. एक गुरुवार तर आहे." एक गुरुवार! त्यांचे सगळे वार त्यांचे होते, म्हणून तोंडातून निघालं सहज. मी पाठ फिरवून झोपले. रडू आलं ते रागाचं होतं.

दोन-चार दिवसांनी सासूबाईंबरोबर विहिरीवर गेले, तिथे शेजारीण भेटली. म्हणाली, ग्रामसेविका घरोघर विचारत फिरतेय, मला कळण्याची भाकरी थापायला शिकवा, मी तुम्हाला कळण शिकवते. माझ्याबद्दलही विचारलं होतं तिने. मग शेजारीणच मला म्हणाली, "तू येशी ना? तुन्हाशिवाय काय मजा नही व माय." मी घागर उचलली आणि घरी आले. येतानाच मनाशी ठरलं होतं, जायचंच. कळण करूनच जायचं.

कसं करायचं हे कानावर पडलं होतंच. हुलगे शिजवायचे, पाणी गाळायचं, त्यात ताक घालायचं, लसूण-जिऱ्याची फोडणी. गुरुवारी सकाळी उठून हुलगे घ्यायला गेले तर पातेल्यात आधीच भिजून टरारलेले. मी घातले नव्हते. सासूबाई ताक घुसळत होत्या, माझ्याकडे बघितलंही नाही. एवढंच म्हणाल्या, "लसूण ठेची ले, चिरू नको." मला त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं. पडले नाही, आमच्यात तशी पद्धत नव्हती.

दुपारी फोडणी दिली तेव्हा घर घमघमलं. ओट्यावरून आवाज आला, "बैलेसनं खाणं काबरं शिजाडी ऱ्हायनात?" हुलगे आमच्याकडे बैलांना घालत, त्यावरचा हा टोमणा. मी फडक्यात कळण्याच्या भाकरी बांधल्या, कळणाचं पातेलं दोन्ही हातांनी उचललं आणि बाहेर आले.

सासरे पायरीजवळच बसले होते. सवयीने आत बघून म्हणाले, "तिले इचार, कोठे चालनी?"

आतून उत्तर आलं नाही. सासूबाई दाराशी उभ्या होत्या, मला दिसत होत्या, पण त्यांनी तोंड उघडलं नाही. मग मीच बोलले.

"मामा, मी मंडळमा जाई ऱ्हायनी. आजबी जासू, दर गुरुवारले जासू."

ते माझ्याकडे बघतच राहिले. गल्लीतून दोन माणसं येत होती. सासऱ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं, पातेल्याकडे पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा थेट माझ्याशी बोलले. आवाज खाली आणून.

"निदान झाकी तं ले. लोके देखतीन."

पातेल्यावर झाकण होतं, ते वाफेने जरा सरकलं होतं. मी पातेलं पायरीवर टेकवलं, झाकण काढलं आणि त्यांच्या शेजारी ओट्यावर ठेवून दिलं. मग उघडं पातेलं उचललं आणि गल्लीच्या मधोमध चालत शाळेत गेले.