तांबट आळीतल्या मावशींचा तांदूळ

सरूनं शब्द दिला आणि नाव-पत्ता न विचारता मरून गेली.

आज वर्ष झालं.

फेसबुकवर लिहायची मला सवय नाही. नातीनं अकाउंट उघडून दिलंय, मराठी टाइप करायलाही तिनंच शिकवलं. चुकलं तर सांभाळून घ्या.

सरू म्हणजे माझी बायको. कोळवणच्या खोऱ्यात जन्मली, तिथंच नांदली. मी पिरंगुटच्या कारखान्यात कारकुनी करून रिटायर झालो. पुणं एवढं जवळ, पण आम्ही जायचो ते दवाखान्याला नाहीतर लग्नाच्या बस्त्याला.

गेल्या वर्षी गौरी-गणपती झाल्यावर एक दिवस म्हणाली, "अवो, पुण्यात आपण कायम कामानंच जातुया. एकदा नुसतं बघाया जाऊ की!"

मला तेवढंच पाहिजे होतं. कसबा पेठ पायी कशी बघायची त्याचा एक नकाशा मी पेपरातून कापून ठेवला होता. गाइड नाही, रिक्षा नाही. आपले आपण.

मनपाला उतरलो, पूल ओलांडला. मी नकाशा धरून पुढं, सरू मागं.

मी मान वर करून लाकडी सज्जे बघत होतो, महिरपी बघत होतो. ती मात्र दारं बघत होती. कुणी काय वाळत घातलंय. कुणाची तुळस सुकलीय.

"ह्यात पाणी कुटं मिळतंय ते दावलंय का?" तिनं नकाशावर बोट ठेवलं.

"नाही."

"मग कसला वो नकाशा तुमचा!"

पाण्याची बाटली विकत घेणं तिला कधी पटलंच नाही. आमच्याकडं तहान लागली की दिसेल त्या दारात पाणी मागतात. तांबट आळीत एक म्हातारी उंबऱ्यात बसून चिंचेनं तांब्याचं घंगाळ घासत होती. सरू सरळ तिच्यापुढं जाऊन उभी.

"मावशी, पाणी मिळंल का?"

आता पुणेरी उत्तर येणार, असं मला वाटलं.

आलंच.

"मिळेल. पण उभ्यानं मिळणार नाही. बसा आधी."

बसलो. शेजारी तांब्याची भांडी ठोकायचं काम चाललेलं. बोलायचं तर दोन ठोक्यांच्या मधे बोलावं लागे. सरूला त्याची फार गंमत वाटली. भातलावणीला वाकलेल्या बायका बोलतात ना, तुकड्यातुकड्यानं, तशा दोघी बोलत बसल्या.

आणि मला राहवेना. तुम्ही मला ओळखता. मी चौथीतली पाखराची कविता सुरू केली.

दुसऱ्या कडव्यावर सरूनं अडवलं. नेहमीसारखं.

"मावशी, ह्यांना आजून पाणी द्या. तोंडात पाणी आसलं की कविता म्हणता येत न्हाई."

मावशी हसल्या. आणि पुढची ओळ त्यांनीच म्हटली! त्याही चौथीपर्यंतच शिकलेल्या.

निघताना सरू म्हणाली, "आमच्या खाचरात आंबेमोहोर हाय. नवा तांदूळ निघाला की तुमाला आणून देते, मावशी."

नाव विचारलं नाही. फोन नंबर घेतला नाही. गावात मावशी म्हटलं की पुरतं.

मार्गशीर्षात भात झोडून झालं, गिरणीला न्यायचं होतं. सरूला ताप आला. पुन्हा पुण्याला गेलो. कामानंच.

परत आलो तो तिच्याशिवाय.

त्या वर्षीचा तांदूळ मुलानं भरून ठेवला. मी त्याच्याकडं बघितलंही नाही.

यंदाचा नवा तांदूळ गेल्या आठवड्यात घरी आला. घरभर वास सुटला आणि मला मावशी आठवल्या. पिशवी भरली, बस धरली.

बसमध्ये सारखं मनात येई, मावशीच नसल्या तर? सरूचा शब्द मग द्यायचा कुणाला?

आळीत पोचलो तर भर दुपार. ठोके बंद, सगळे जेवायला बसलेले. दारं सगळी सारखी. उंबऱ्यात घंगाळ नाही. नकाशा होता खिशात, पण त्यात मावशी नव्हत्या.

सायकल दुरुस्तीवाल्याला विचारलं, "इथल्या मावशी कुठं राहतात?"

"आजोबा, इथं दर दारात मावशी आहे. आडनाव सांगा."

"ते नाही माहीत."

"बरं, खूण काय?"

"पाणी देतात. बसवून."

"मग त्या पुण्यातल्या नसतील!"

पुन्हा एकदा आळीच्या टोकापर्यंत जाऊन आलो. शेवटी एका ओट्यावर बसलो, पिशवी मांडीवर. ही परत न्यायची? आणि घरी ठेवायची कुठं?

बसल्या बसल्या ओठांवर तीच कविता आली. आपोआप. दुसऱ्या कडव्यापर्यंत आलो आणि थांबलो. तिथं अडवायला सरू नव्हती, तरी थांबलो.

समोरच्या खिडकीतून पुढची ओळ आली.

मावशी! खिडकीचे गज धरून उभ्या.

"आज ताई गप्प कशा? अडवत नाहीत तुम्हाला?"

तेवढ्यात शेजारी ठोके सुरू झाले.

दोन ठोक्यांच्या मधे मी म्हटलं, "गेली."

मग पुढच्या दोन ठोक्यांत, "वर्ष होईल आता."

ठोके पडत राहिले. मग दार उघडलं.

"बसा आधी."

पाणी दिलं. तांदूळ मी खाली ठेवायला लागलो तर ठेवू दिला नाही. पदर पसरून पदरात घेतला. ओंजळभर उचलून वास घेतला.

"शब्दाची पक्की हो, बाई," म्हणाल्या. माझ्याशी नाही.

निघालो तर पिशवी माझ्या हातातून परत घेतली. मी आणलेल्यातलाच मूठभर तांदूळ तिच्यात टाकला.

"रिकामी पिशवी देत नाहीत. हा ताईंच्या पानात वाढा."

नाव विचारायचं याही वेळी राहिलंच.

आज सकाळी सुनेनं तो मूठभर तांदूळ वेगळा शिजवला. पान मांडलं.

सरू, तांदूळ पोचला.

त्यातला मूठभर तुझ्यासाठी परत आलाय. मावशींनी पाठवलाय.

आता निवांत जेव. मी कविता म्हणत नाही.